पापणीवरचं अंडं

राघिबचं कौतुक ऐकायचं असेल तर गावात कुणालाही विचारा. माझ्याकडे आलात तर ते जरा रखडतच मिळेल. तो माझा चुलतभाऊ. एका घरात वाढलो, एका परातीत जेवलो, आणि आयुष्याची चाळीस वर्षं मी त्याच्यावर जळलो. आता हे सांगायला लाज वाटत नाही.

आमचं घराणं अंडी उबवणारं. टांटा शहराच्या अलीकडे, कालव्याच्या काठाला आमचं मातीचं उबवणीघर आहे. मधे बोळ, दोन्ही अंगांना सहा-सहा भट्ट्या, आणि प्रत्येक भट्टीत सरपटत शिरायला एक भोक. आत जमिनीवर अंडी पसरलेली, वरच्या कट्ट्यावर शेणीचा आणि भुशाचा विस्तव. एकवीस दिवस ऊब जराही हलता कामा नये. ती मोजायला आमच्याकडे काचेची नळी कधीच नव्हती. अंडं उचलायचं, मिटलेल्या पापणीवर टेकवायचं आणि सांगायचं: बरोबर, गार किंवा जास्त. माझ्या बापाची, हाज दसूकींची पापणी चार गावांत नावाजलेली होती. त्यांच्यानंतर माझी. ही फुशारकी नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे.

आम्ही सात वर्षांचे झालो तेव्हा बाबांनी दोघांना समोर बसवून तीन अंडी हातात दिली. मी तिन्ही ओळखली. राघिबला तान्हेपणी खुपऱ्या झाल्या होत्या, त्याच्या पापण्या जाड आणि वळलेल्या. त्यानं गार अंड्याला गरम म्हटलं आणि गरम अंड्याला म्हणाला, "हे छान आहे."

"याची पापणी मेलेली आहे," बाबा म्हणाले. "बापाविना पोर, याला शाळेत घाला. दुसरं काय करणार?" मग माझ्याकडे वळून त्यांनी मला धंद्याचा पहिला नियम सांगितला. "मितवल्ली, अंगात ताप असेल त्या दिवशी अंड्याला शिवायचं नाही. तापलेल्या पापणीला सगळी अंडी गार लागतात. अशा माणसानं घरी निजावं."

आता न्याय बघा. माझी पापणी जिवंत, म्हणून मी जन्मभर त्या बोळात रांगलो. त्याची मेलेली, म्हणून तो इस्कंदरियाला जाऊन इंजिनीअर झाला. लोक त्याला 'बाशमुहंदिस', म्हणजे इंजिनीअरसाहेब, म्हणू लागले. मला आपलं मितवल्लीच.

सुट्टीत तो आला की आई कबूतर भरून भाजायची आणि त्याच्या पुढ्यात ठेवायची. मी रोजचा, मला मुलूखियाची पालेभाजी. "तो शहरात उपाशी असतो रे," ती म्हणायची. त्याचे गाल बघितले असते तर उपाशी कोण होतं ते तुम्हीच सांगितलं असतं. त्याच्या खिशात कायम एक पितळी पट्टी असे. एका बाजूला पितळ, दुसऱ्या बाजूला कुठलंसं पोलाद, दोन्ही एकमेकांना चिकटवलेली. चहाच्या दुकानात बसला की ती पट्टी तो चहाच्या ग्लासात बुडवी आणि ती कशी हळूच वाकते ते सगळ्यांना दाखवी. "पितळ तापलं की जास्त पसरतं, पोलाद कमी," तो सांगे. "दोघांचं पटत नाही, म्हणून ती वाकते." माणसं तोंडात बोट घालून बघत. मी म्हणे, "चहा प्या, बाशमुहंदिस. तो पितळेनं ढवळायचा नसतो."

एका उन्हाळ्यात तो महिनाभर राहिला. रोज माझ्यामागे बोळात रांगायचा, हातात वही आणि काचेची नळी. मी अंडं डोळ्याला लावून 'बरोबर' म्हटलं की तो नळी अंड्याला चिकटवून वहीत काहीतरी लिहायचा. "काय लिहितोस?" मी विचारलं. "आकडा," तो म्हणाला. मी एकदोनदा मुद्दाम गार अंड्याला 'बरोबर' म्हटलं, तर म्हणाला, "हे खोटं सांगितलंस. खोडतो." मला वाटलं हा माझ्या चुका गोळा करतोय, बाबांना दाखवायला. त्या महिन्यात माझं जेवण गेलं.

पुढच्या वर्षी तो ते यंत्र घेऊन आला. यंत्र तरी काय, तळहातावर मावेल एवढी पेटी. आत तीच पट्टी. भट्टीत विस्तवाऐवजी गॅसची शेगडी ठेवायची आणि गॅसच्या नळीवर ही पेटी बसवायची. ऊब वाढली की पट्टी वाकून झडप लोटते, जाळ बारीक होतो. ऊब उतरली की सरळ होते, जाळ वाढतो. बाजूला एक स्क्रू, कुठल्या उबेला वाकायचं ते ठरवणारा. तो लावून झाल्यावर राघिबनं स्क्रूच्या डोक्यावरून पेटीपर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली.

बाबा तेव्हा सत्तरीचे होते. गादी कुणाला द्यायची, हा विषय घरात शिजत होताच. ते म्हणाले, "राघिब, तुला एक भट्टी देतो. एकवीस दिवस. मितवल्लीच्या भट्टीइतकी पिल्लं निघाली तर उद्यापासून हे घर तुझ्या पितळेवर चालेल. नाही निघाली तर मितवल्लीच्या डोळ्यावर. आणि आत काचेची नळी नको. तुझी पट्टी खरी असेल तर तिच्यावर पहारा कशाला? आत जाईल तो फक्त अंडी फिरवायला. एक दिवस तू, एक दिवस हा."

"कबूल," राघिब म्हणाला.

तेरा दिवस मी त्याच्या भट्टीत चूक शोधत होतो. माझी पाळी आली की शंभर अंडी डोळ्याला लावायचो. सगळी बरोबर. इतकी बरोबर की मी चिडून आणखी पन्नास लावायचो. माझ्या स्वतःच्या भट्टीत कोपऱ्यातली अंडी कधी गार निघत, कधी जास्त, आणि मी धावून विस्तव हलवायचो. त्याची पट्टी एका जागी बसून तेच करायची, तेही चहा न मागता.

चौदाव्या दिवशी शुक्रवार होता आणि पाळी माझी. सकाळपासून अंगात कणकण होती. शाल गुंडाळली आणि कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर बाबांनी घरी निजवलं असतं आणि राघिब आत गेला असता. दुपारी सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि मी त्याच्या भट्टीत शिरलो. पहिलं अंडं डोळ्याला लावलं. गार. दुसरं घेतलं. तेही गार. तिसरं, चौथं, सगळीच गार. मला जो आनंद झाला तो तुम्हाला काय सांगू! उघडं पडलं होतं एकदाचं त्याचं पितळ! खिशातल्या नाण्याची कड स्क्रूच्या खाचेत घातली आणि ऊब वाढवायला पाव वळसा दिला. मनाला सांगितलं, मी अंडी वाचवतोय. ऊन कलल्यावर पुन्हा फिरवायला गेलो तेव्हाही ती गारच लागली. आणखी पाव वळसा दिला.

संध्याकाळी घरी आलो तर आईनं कपाळाला हात लावला आणि ओरडली. "अरे, भट्टीसारखा तापलायस! केव्हापासून?"

"आत्ताच," मी म्हणालो.

आत्ताच नव्हतं. आणि अंडी गार नव्हती. त्याच क्षणी सगळं समजलं. अंथरुणापासून ती भट्टी पन्नास पावलांवर होती. उठून स्क्रू मागे फिरवायचा, इतकंच. आईनं काढा करून आणला, तो प्यालो आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. त्या पन्नास पावलांचा हिशेब अल्लापुढे मलाच द्यायचा आहे.

शनिवारी सकाळी राघिब आत गेला आणि लगेच बाहेर आला. बाबांना बोलावलं. मीही शाल घेऊन भिंत धरत तिथे पोचलो. बाबांनी एक अंडं पापणीला लावलं आणि झटकन दूर केलं. मग ते फोडलं. आत पिल्लू होतं, पूर्ण, पिसं फुटायला लागलेलं आणि मेलेलं. त्यांनी दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. अडीच हजार अंडी होती त्या भट्टीत.

"राघिब," बाबा म्हणाले, "हे काय झालं?"

राघिबनं पेटीवरच्या स्क्रूकडे पाहिलं. लाल रेघ तुटून बाजूला सरकली होती, ती मलाही दिसत होती. मग त्यानं मान वर करून बाबांकडे पाहिलं, बराच वेळ. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"पट्टी चुकली, काका," तो म्हणाला. "मीच चुकीची लावली होती."

त्या दुपारी आईनं कागदाची बाहुली कापली आणि धूप पेटवून उबवणीघराची दृष्ट काढली. सुई टोचत एकेक नाव घ्यायची: वरच्या आळीतल्या बाईचा डोळा, पिठाच्या गिरणीवाल्याचा डोळा, येणाऱ्याचा डोळा, जाणाऱ्याचा डोळा. निम्मं गाव तिनं टोचून काढलं. माझं नाव तिला सुचलं नाही.

महिन्याभरात मी मुअल्लिम झालो, उबवणीघराचा मालक आणि गुरू. दारातल्या बाबांच्या तिवईवर बसू लागलो. राघिब पेटी कापडात गुंडाळून इस्कंदरियाला परत गेला आणि पाणी तापवायच्या बंबांच्या कारखान्यात लागला. तिथे त्याच्या पट्टीला पाय फुटले. आधी बंब तापला की आपोआप बंद होणारं बटण केलं. मग बेकरीच्या भट्टीची झडप केली, मग धोब्याच्या इस्त्रीचं बटण. लग्न उशिरा केलं, दोन मुली झाल्या. ईदला यायचा तेव्हा आई कबूतर भाजायची, अजूनही त्याच्यासाठीच. आमच्या घरी नवा बंब आणला, त्याच्या आतही त्याचंच बटण. अंघोळीलासुद्धा मला सुख नाही.

आणि मग त्याच्या पेट्या उबवणीघरांत शिरल्या. आधी कालव्यापलीकडे, मग शेजारच्या गावात, मग सगळीकडे. त्यांची पिल्लं जास्त निघू लागली, माझी कमी. वयाबरोबर माझी पापणीही जाड होत होती. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा जाऊन वीस वर्षं झाली होती. शेवटी माझ्याच मुलानं मला न विचारता त्याला पत्र टाकलं.

राघिब स्वतः आला. डोकं पांढरं, हातात तीच पेटी, पण नव्या घडणीची. बोळात शिरताना त्याचे गुडघे कुरकुरले, माझेही कुरकुरले. गॅस जोडून झाल्यावर त्यानं पिशवीतून एक जुनी वही काढली. मी ती लगेच ओळखली.

"माझ्या चुका," मी म्हणालो.

"कसल्या चुका?" तो म्हणाला. "एकशे बारा वेळा तू 'बरोबर' म्हटलंस. एकशे बारा वेळा नळी त्याच रेघेवर. अर्ध्या अंशाचा फरक नाही, लेका! पुस्तकात इतका नेमका आकडा मला मिळाला नव्हता. कारखान्यातून जी जी पेटी उबवणीघरात जाते, ती या आकड्यावर लावलेली असते. माझी पापणी तर मेलेली. दुसऱ्या कुणाची घेणार होतो?"

कालव्यापलीकडे, शेजारच्या गावात, ज्या ज्या पेटीला मी तळतळाट दिला, तिच्यात माझाच डोळा होता. आणि त्या शुक्रवारी मी नाण्याच्या कडेनं जो खोटा पाडला, तोही माझाच.

"ही मात्र आकड्यावर नाही लावायची," राघिब म्हणाला. त्यानं भट्टीतून एक अंडं काढून माझ्या हातात दिलं आणि पेचकस स्क्रूत घातला. "हे तुझं घर. तू डोळ्यानं सांग, मी फिरवतो. चल, मुअल्लिम, लाव."

अंडं मी पापणीपर्यंत नेलं आणि परत खाली घेतलं.

"राघिब," मी म्हणालो, "आधी माझ्या कपाळाला हात लावून बघ. ताप नाही ना?"

मग त्यानं पेचकस खाली ठेवला आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. तेलाचा वास येत होता त्या हाताला. तो हात त्यानं लवकर काढला नाही.

"त्या दिवशी होता?" त्यानं विचारलं.

"होता."

"आणि मला इतकी वर्षं वाटत राहिलं, तो स्क्रू काकांनी फिरवला," तो म्हणाला. "म्हातारपणी त्यांची पापणी गेली असेल, चार लोकांत त्यांचं हसं नको, म्हणून मी गप्प राहिलो."

म्हणजे त्यानं मला पाठीशी घातलं नव्हतंच, जसं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. मी माझ्या बापाच्या आडोशाला उभा होतो, आणि बाप बिचारा हे काही न कळता गेला. मी मान खाली घातली. अंडं हातात गार होत चाललं होतं.

राघिबनं ते काढून घेतलं, आत ठेवलं आणि दुसरं, उबेचं, माझ्या तळहातावर ठेवलं.

"आज ताप नाही," तो म्हणाला आणि त्यानं पेचकस पुन्हा उचलला.