डागावरून लावलेलं पुस्तक

बाजाराच्या मागच्या बोळात, चावीवाला आणि छत्री दुरुस्त करणारा यांच्या मधोमध एक अरुंद दुकान होतं. आत शिरायचं तर मोठ्या माणसाला खांदा तिरका करावा लागे. दारापाशी पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, त्यामागे पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचं पातेलं, आणि खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसलेली ती. सगळा बाजार तिला बाइंडरताई म्हणायचा.

पंधराव्या वर्षी ती इथे उस्तादांच्या हाताखाली आली. उस्ताद मोठा तिखट माणूस. पहिल्याच दिवशी ती एक फाटकं पुस्तक उघडून गोष्ट वाचत बसली, तर त्यांनी टेबलावर पट्टी आपटली. "वाचत बसलीस तर शिवणार कधी? आपण पुस्तकांचे शिंपी, पोरी! गिऱ्हाईक लग्नाला चाललंय की कोर्टात, हे शिंप्यानं विचारायचं नसतं. खालचा आकडा बघायचा, फर्मा लावायचा, सुई घालायची." फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाला घड्या घालून झालेली सोळा पानं. असे दहा-बारा फर्मे ओळीनं शिवले की झालं पुस्तक.

तिनं ते असं काही मनावर घेतलं की उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, तरी तिची नजर पानाच्या तळाचा आकडा सोडून कधी वर चढली नाही. छत्रीवाला चिडवायचा, "ताई, तुमच्या हातून लाखभर पुस्तकं गेली. डोक्यात एक तरी शिरलं का?"

"शिरलं असतं तर तुझ्या शेजारी दुकान मांडून बसले असते का रे?" असं म्हणून सगळ्यांत जास्त तीच हसायची.

एका बाबतीत मात्र हसणं नव्हतं. चाळीस वर्षांत तिच्या हातून फर्मा इकडचा तिकडे झाला नव्हता. हे ती स्वतः सांगत नसे. दुसरे सांगत, आणि ती मान खाली घालून, दोरा ओढत, एकेक अक्षर कान देऊन ऐकत असे.

त्या वर्षी हिवाळी सुट्टीत या दुकानात तिची भाची आली. भाऊ लांब पल्ल्याच्या ट्रकवर, भावजय हॉस्पिटलात नर्स, म्हणून सुट्टीचे दिवस पोरीनं आत्याजवळ काढायचे. वय नऊ. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला बटण म्हणत. अंगानं वाढली, पण नाव शिवलेलंच राहिलं.

बटणला वाचायला वेळ लागायचा. शब्दाखाली बोट धरायची, शब्द पक्का झाला की मगच बोट पुढे सरकायचं. मागच्या वर्षी वाचनाच्या तासाला बाईंनी तिला दोन इयत्ता खाली पाठवलं होतं. तिथल्या बाकावर तिचे गुडघे हनुवटीला लागत, आणि छोटी पोरं तिच्याकडे वळून वळून बघत. यंदा बाईंनी सांगितलं होतं, सुट्टीत एका शोधक प्रवाशाचं पुस्तक पूर्ण वाचायचं आणि आपल्या शब्दांत लिहून आणायचं. जमलं तर आपल्या वर्गात. नाही जमलं, तर परत त्या छोट्या बाकावर.

आणि पोरीनं शाळेच्या कपाटातून उचललं ते सगळ्यांत जाड पुस्तक!

"अगं, एवढं कशाला?"

"तू शिवलंयस म्हणून. तुझी निळी पट्टी मला ओळखू येते."

बारा दिवस ती खिडकीत पाय दुमडून वाचत होती. लांब दाढीचा एक कप्तान बर्फाच्या मुलखाला निघतो, अशी काहीतरी गोष्ट होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आत्या, माणूस मेला, त्याला पुरलं, तरी तो परत जहाजावर येतो?"

आत्याच्या ओठांत सुई होती. "पुस्तकात येतो गं."

"पण कसा?"

"पुस्तकात सगळं चालतं. तू पुढे वाच."

बटणनं पुढे वाचलं. बाराव्या दिवशी शेवटचं पान मिटून ती बोळात धावली आणि ओरडली, "संपलं!" छत्रीवाल्यानं हातातली छत्री फट्कन उघडून तिला सलामी दिली.

शाळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी भावजय पोरीचा दंड धरून दुकानात शिरली. अंगावर अजून हॉस्पिटलचेच कपडे. एरवी ती नणंदेला ताई म्हणायची. रागावली की वन्सं.

"वन्सं, वाचा." तिनं शाळेची चिठ्ठी टेबलावर आपटली.

मुलीने पुस्तक न वाचता गृहपाठ लिहिला आहे. विचारल्यावर तिने तसे कबूल केले. उद्या सकाळी नऊ वाजता पालकांनी भेटावे.

"पुस्तकांच्या दुकानात बारा दिवस बसून न वाचता आली! मी तिकडे लोकांच्या सलाइनच्या बाटल्या बदलतेय, आणि इकडे तुमच्या डोळ्यांदेखत ही थापा मारायला शिकतेय."

"वाचलंय तिनं. माझ्यासमोर वाचलंय."

"मग कबूल कशाला केलं?"

दोघींनी बटणकडे पाहिलं. बटण शिकंज्याचा दांडा नखानं खरवडत होती.

आत्यानं वही मागितली आणि चष्मा पुसून वाचायला लागली. 'कप्तान बर्फात जायचं ठरवतो. मग तो मरतो. त्याला पुरतात आणि वर दगड रचतात. मग तो हसतो कारण वारा चांगला असतो. मग तो खूप दिवस जहाज चालवतो आणि अस्वल बघतो. शेवटी तो दुकानात जाऊन दुर्बीण विकत घेतो. मग जहाज त्याच्याशिवाय घरी येतं.' खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'हे पुस्तक तू उघडलं तरी होतंस का?'

राग होता तरी भावजयीला हसू फुटलं. "मेल्यावर दुर्बीण! वर बसून खाली बघायला का गं?"

आत्या हसली नाही. ती वहीतली दुसरीच ओळ बोट धरून पुन्हा वाचत होती.

"बटण," ती हळू आवाजात म्हणाली, "कप्तानाला पुरलं ना, त्या पानांवर खाली डाग होता?"

"होता."

"कसा?"

पोरीनं टेबलावरच्या धुळीत बोटानं बदकाची मान काढली.

"आणि दुर्बिणीच्या पानांवर?"

"बदकच. तस्संच."

गेल्या वर्षी शाळेच्या कोठीतला नळ फुटून तळाच्या फळीवरची अकरा पुस्तकं भिजली होती, त्यांतलंच हे एक. पोत्यात भरून आली तेव्हा त्यांचे दोरे कुजलेले, फर्मे सुटलेले, आणि पानांचे खालचे काठ असे सडलेले की कापूनच टाकावे लागले. काठाबरोबर आकडेही गेले. मग तिनं आपली अक्कल चालवली. पाणी पुस्तकात दोन्ही बाजूंनी शिरतं. पहिल्या फर्म्यावर डाग मोठा, मध्ये बारीक, शेवटाकडे पुन्हा मोठा. डागाला डाग जुळवत तिनं सगळे फर्मे लावले. दुसरा आणि शेवटून दुसरा, या दोघांवरचे डाग म्हणजे जुळी भावंडं. ते दोन्ही हातांत धरून आपण क्षणभर थबकलो होतो, हेसुद्धा तिला आता आठवलं. दोन ओळी वाचल्या असत्या तरी कळलं असतं.

"उद्या तुझी ड्युटी आहे ना? मी जाते शाळेत," ती म्हणाली.

"जाऊन सांगणार काय?"

"बघते."

सांगायला तिची जीभ उचलेना. पुढच्या आठवड्यात शाळेचं सगळं ग्रंथालय तिच्याकडे शिवायला यायचं होतं, दोनशे पुस्तकं. "तुमचा फर्मा चुकत नाही, म्हणून तुम्हालाच," असं हेडसर चारचौघांत म्हणाले होते.

सकाळी शाळेच्या रस्त्यानं चालताना तिच्या मनात एक वाट उघडली. शिलाई सैल झालीय म्हणून पुस्तक मागून घ्यावं, घरी नेऊन गुपचूप सरळ करावं, कपाटात परत ठेवावं. कुण्णाला कळायचं नाही. पण मग त्या सरळ पुस्तकाशेजारी बटणच्या वहीतली दोन पानं कायमची खोटी ठरणार. पुरावाच पुसला जाणार. तिनं शेजारी पाहिलं. पोरगी दप्तराचे बंद घट्ट धरून, जमिनीकडे बघत चालली होती. छोट्या बाकावर बसायला निघाल्यासारखी.

हेडसरांच्या खोलीत तिघी उभ्या राहिल्या आणि हेडसर बसले. बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, दुष्ट मुळीच नव्हत्या.

"ताई, वाचता येत नाही याचा मला राग नाही," बाई म्हणाल्या. "ही गोष्ट मी दर वर्षी वाचनाच्या तासाला सांगते. मला राग आहे तो न वाचता लिहिण्याचा."

"पुस्तक बघू जरा."

बाईंनी कपाटातून पुस्तक काढून दिलं. तिनं ते मधोमध न उघडता अंगठ्यानं चाचपत नेमक्या जागी उघडलं. तिचा स्वतःचा टाका, एकसारखा, सुरेख.

"हे चुकीचं शिवलंय," ती म्हणाली. "दोन फर्मे अदलाबदल झालेत. मीच केलेत."

हेडसरांनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"मी."

बाईंनी सुस्कारा सोडला. "ताई, लेकरावर तुमची माया आहे, ते कळतं मला. पण पाठीशी घालू नका. तिनं स्वतः कबूल केलंय. हो ना गं? वाचलं होतंस?"

"नाही," बटण म्हणाली.

आत्या गर्रकन तिच्याकडे वळली. "बटण! माझ्यासमोर वाचलंस ना गं?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण ते खाली पडू देईना. "बाई म्हणाल्या, कबूल केलं तर रागावणार नाही."

बाईंचा चेहरा पडला. पण शंका काही गेली नाही. हेडसरांनी घड्याळाकडे पाहिलं. "हे बघा, पुस्तक चुकलं असेल. पण म्हणून हिनं ते वाचलंच असेल, असं कुठं ठरतं?"

खरंच होतं. आत्यानं पुस्तक बाईंच्या हातात दिलं. "तुम्ही मोठ्यानं वाचा. इथून, या पानाच्या शेवटापर्यंत. पान उलटू नका. मी सांगते तेव्हा उलटा."

बाईंनी वाचलं. वाचायचा सराव असलेला, खणखणीत आवाज होता. "'थडग्यावर दगड रचून झाले. सगळ्यांनी टोप्या काढल्या. कोणी कोणाकडे बघेना. मग थोरला खलाशी पुढे आला आणि...'" पान संपलं होतं.

"आणि पुढे?" आत्यानं विचारलं.

बटण बाईंच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिली.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत होता. बाहेर मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली. आत्यानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, काही नाही. दोन्ही हात मागे घट्ट धरून ती उभी राहिली. आता हिनं बोलायला हवं. आपण बोललो तर सगळं फुकट.

बटणचं बोट हवेतच हललं, जणू त्याखाली ओळ होती. "'शीड उभारताच,'" ती पुटपुटली, "'कप्तान मोठ्यांदा हसला. गड्यांनो, वारा आपल्या बाजूचा आहे!'"

"उलटा," आत्या म्हणाली.

बाईंनी पान उलटलं. त्यांचे ओठ न बोलता हलले. त्यांनी पुन्हा मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढचं. मग झरझर पानं चाळून त्या दुसऱ्या सांध्यापाशी पोचल्या आणि एक ओळ वाचली, तसं बटणनं न थांबता, आता जरा मोठ्यानं, दुर्बिणीच्या दुकानात पाऊल टाकलं. काचेच्या कपाटाचा रंग सांगितला. दुकानदाराच्या नाकावरचा तीळसुद्धा सांगितला. हेडसर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते.

बाई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसल्या. पुस्तक मांडीवर उघडंच राहिलं.

"अगं," त्यांनी विचारलं, "वाचताना तुला एकदा तरी वाटलं नाही का, की हे काहीतरी चुकलंय?"

"वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

बटणनं आत्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मला वाटलं, मलाच कळत नाहीये."

यावर दोन्ही मोठ्या बायकांना एकमेकींकडे बघवेना. बाई उठल्या, त्यांनी टेबलावरची वही घेतली आणि पोरीचा हात धरला. "चल. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच सांगते." दोघी शेजारच्या वर्गाकडे गेल्या.

हेडसरांनी दार लोटून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, म्हणून त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. त्या पोत्यातली बाकीची दहा पुस्तकंही आता तपासावी लागतील, ते म्हणाले. अशा परिस्थितीत दोनशे पुस्तकांचं काम यंदा तरी दुसरीकडे द्यावं लागेल, तिनं गैरसमज करून घेऊ नये.

भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. सगळा वर्ग चिडीचूप झाला होता. "हिनं ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. तुमच्यासमोर मी हिला खोटी म्हटलं. ती माझी चूक." मग बाक सरकल्याचा आवाज, आणि बाई म्हणाल्या, "तिथे नाही गं. तुझ्या जागेवर बस."

"ताई," हेडसर म्हणत होते, "मी काय म्हणालो, ते ऐकलंत ना?"

"नाही हो," ती म्हणाली. "परत सांगा."