वाळूत रुतलेली टाच

अंगावर वस्त्र नसलेला पुरुष चित्रात दिसला तर लाजायचे कोणी? उभे राहणाऱ्याने, काढणाऱ्याने की पाहणाऱ्याने? आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, पण याचे उत्तर मला अजून देता येत नाही. मेस्त्री मास्तरांविषयी लिहायला बसले की हाच प्रश्न आधी पुढे येतो.

मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवीत. मी त्यांना प्रथम पाहिले ते पाचवीत असताना, मालवणच्या किनाऱ्यावर. माझे वडील इतरांबरोबर रापणीचे जाळे ओढत होते आणि मास्तर छत्रीखाली बसून कोळशाने त्यांना कागदावर उतरवत होते. पुढे वडील मास्तरांच्या घरामागच्या पडवीत जाऊन चित्रासाठी उभे राहू लागले. पाठीपासून पोटरीपर्यंतचा ताण सलग दिसावा म्हणून लंगोटीही बाजूला ठेवावी लागे. मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकी, चहा आणताना दाराबाहेर लोटा वाजवीत, चहा तिथेच ठेवीत आणि तो निवतोय असे बजावून जात.

मास्तरांचा एक नेम आहे. समोर उभ्या राहिलेल्या माणसाने पसंत केल्याशिवाय ते चित्रावर सही करीत नाहीत. वडिलांनी पहिलेच चित्र नापास केले.

"मास्तरानू, टाच चुकली. असो उभो रवलंय तर जाळाच माका दर्यात न्हेतला."

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः रापण ओढायला आले. तळहात सोलून घेतले, घरी गेले आणि टाच वाळूत रुतवून चित्र नव्याने काढले. आज त्यांच्याच शाळेत शिकवताना, विद्यार्थ्याने माझी चूक दाखवली की मला ते सोललेले तळहात आठवतात.

हे चित्र मुंबईच्या एका प्रदर्शनातून परत आले. तिथे विवस्त्र स्त्रियांची चित्रे लागली होती. हा पुरुष देव किंवा पैलवान असता तर लावला असता, असे मास्तरांना सांगण्यात आले. त्यांनी ते हसत हसत वडिलांच्या कानावर घातले. मग आठवडाभर वडील शेजाऱ्यांसमोर मांडी थोपटत हिंडत होते.

आता मास्तरांच्या साठीनिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात त्या चित्राचा क्रमांक सातवा आहे. गौरव समितीतल्या एका गृहस्थांनी त्यावर लंगोटी रंगवण्याची सूचना केली. मास्तर रागावले नाहीत. चित्रांची यादी मी करत होते, म्हणून त्यांनी मला बाजूला नेले आणि चित्रच यादीतून काढायला सांगितले.

"तुझ्यासाठी स्थळे बघतायत गो. माझ्या चित्रापायी तुझे काही अडायला नको."

याच काळजीने इतकी वर्षे त्यांनी वडिलांचे नाव कुठेही लिहिले नव्हते. यादीत नुसते 'रापणीवरचा माणूस' होते.

ती यादी मी घरी वाचून दाखवली आणि मास्तरांचे म्हणणेही सांगितले. आई म्हणाली, "त्या पाठीक रोज त्याल मी चोळतंय. लोकांका कसली लाज?" वडिलांनी एवढेच विचारले, "माझा नाव खंय आसा?"

मास्तर, तुमचे डोळे आणि हात पुढची कित्येक वर्षे असेच धड राहोत, आणि तुमची चूक तोंडावर सांगणारी माणसे तुम्हाला भेटत राहोत. तुमचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. यादी मात्र काल छापखान्यात देऊन आले. सातव्या क्रमांकापुढे लिहिले आहे: सोनू धाकू कुबल, माझे वडील.