पाणी जिथून येतं

माझ्या भावजयीचा, मेघनाचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या घरी मेथी निवडत बसले होते. "ताई, मिलिंद बर्फातून खाली गेला," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, घसरून पडला असेल, हाडबिड मोडलं असेल... माझ्या धाकट्या भावाचं आणि माझं नातंच असं भांडकुदळ, की त्याही क्षणी मी मनात म्हटलं, आता महिनाभर याचे लाड होणार. मग मागून कुणा अनोळखी बाईचा आवाज आला, "मॅम, प्लीज सिट डाउन," आणि मला कळलं.

आम्ही भंडाऱ्याजवळच्या एका गावातले. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. सगळा तळ्यांचा मुलूख. रविवार उजाडला की बाबा गळ घेऊन निघायचे, मागे मिलिंद, त्याच्या मागे कुरकुरत मी. नवं तळं दिसलं की बाबा गळ टाकायच्या आधी काठानं चक्कर मारायचे. "आधी पाणी कुठून येतं ते बघायचं. ताज्या पाण्याबरोबर खाणं येतं, मासा तिथंच तोंड करून उभा असतो." हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मिलिंदचे कधी किटले नाहीत. तो बाबा दाखवतील तिथं हूं की चूं न करता बसायचा आणि घरी येताना मासे त्याच्याच हातात असायचे. मला मेले डास तेवढे चावायचे.

नोकरीनं त्याला अमेरिकेच्या पार उत्तरेला, मेन राज्यात नेऊन टाकलं. पहिल्या हिवाळ्यात फोनवर त्याचा आवाज इतका खोल गेला होता की मला काळजी वाटायला लागली. दुपार सरायच्या आत अंधार, ऑफिस घरातच, मेघना अजून आली नव्हती, बोलायला कुणी नाही. त्यातून त्याला बाहेर काढलं ते शेजारच्या वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्यानं. घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर नेलं, गिरमिटानं बर्फाला भोक पाडायला शिकवलं, चालताना पुढचा बर्फ पहारीनं ठोकून बघायला शिकवलं. मी भेटायला गेले तेव्हा मिलिंदनं मलाही ओढून नेलं. मी काठावरून पाय उचलेना. "ताई, काहून भितेस? ट्रक उभे राहतात इथे यार, तुझं वजन काय घेऊन बसलीस!" असं म्हणून वर खदाखदा हसला. मग तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला, भोकात फोन धरून पाणी दाखवलं. बाबांचा विश्वास बसेना. पहिला प्रश्न त्यांचा ठरलेला, "पाणी कुठून येतं रे इथं?" "कुठून नाही बाबा, नुसतं डबकं आहे. मोठ्या तळ्यावर गेलो की दाखवतो." इतका आनंदी मी त्याला अमेरिकेत दुसऱ्यांदा पाहिला नाही.

या हिवाळ्यात मिलिंद आणि वॉल्टर उत्तरेला एका मोठ्या तळ्यावर गेले. ट्राउट आणि सॅमन मिळतात म्हणून. बाबांना जिवंत सॅमन दाखवायचा, हे त्याच्या डोक्यात कधीचं होतं. ते तळं दोघांनाही नवीन. सकाळभर एकाही गळाला काही लागलं नाही. बर्फ घरच्यापेक्षा चांगला जाड निघाला, म्हणून पहार सामान ओढायच्या घसरगाडीतच राहिली. मग मिलिंद उठला, गिरमिट खांद्यावर टाकलं आणि पलीकडच्या काठाकडे चालत गेला. तिथं एक ओढा तळ्यात शिरत होता. वॉल्टरला तो ओढा दिसला तेव्हा तो ओरडला, पण वारा उलटा होता.

हे सगळं वॉल्टरनं मला अंत्यविधीच्या दिवशी सांगितलं. इथली सहा-सात मराठी कुटुंबं त्रिसरण-पंचशील म्हणून बाहेर पडली होती, मेघनाला कुणीतरी गाडीत बसवत होतं. म्हातारा माझा हात सोडेना. इथल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असतं म्हणे, ओढ्याच्या तोंडाशी पाणी हलतं राहतं, तिथं बर्फ धरत नाही. इतकी साधी गोष्ट सांगायची असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. "तो जाताना म्हणाला, माझे वडील सांगतात, मासा तिथं असतो. युवर फादर इज राइट. मासे तिथंच असतात." म्हाताऱ्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

मी हे बाबांना सांगणार नव्हते. दर रविवारी आमच्या सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, फोन असतो. त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं, "कुठे बसला होता तो? कोणत्या बाजूला?" मी म्हटलं, तळ्याच्या मध्यावर. "मध्यावर? मध्यावर काय होतं त्याचं? पाण्याच्या तोंडाशी काठाला बसला असता तर वाचला असता." पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. हळूहळू त्यांचं दुःख रागाचं होत गेलं. हट्टी होता, म्हणाले. अमेरिकेत गेल्यावर बापाचं शिकवलेलं विसरला, म्हणाले. घरातला पंखा घेतानासुद्धा बाबांना फोन करून विचारणारा माझा भाऊ! जिवंत असताना मी त्याला खूप बोलले, पण मेल्यावर त्याच्यावर हा आळ मला सोसवेना. गेल्या रविवारी बाबा पुन्हा म्हणाले, "ऐकलं नाही त्यानं माझं," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकलं होतं बाबा. ओढ्याच्या तोंडाशीच गेला होता तो. बर्फ तिथंच पातळ असतो."

बाबा म्हणाले, "असं का." आणि फोन ठेवला.

खरं बोलून मी कुणाचं भलं केलं, मला सांगता येत नाही. मिलिंदला त्याचा काही उपयोग नाही. आज रविवार. मी फोन लावला तर शेजारच्या काकूंनी उचलला. "गुरुजी झोपलेत गं," म्हणाल्या. दिवेलागणीला कुणी आडवं झालेलं बाबांना कधी खपलं नाही. आम्हा दोघांना त्या वेळी ते पाठीत धपाटा घालून उठवायचे. मी काकूंना म्हटलं, "उठवा ना त्यांना." काकू म्हणाल्या, "उठवलं. जागेच आहेत. भिंतीकडं तोंड करून पडलेत."