पाठीमागे बांधलेले हात

विद्यानगरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात इंटरच्या व्होकेशनल मुलांना मी कॉमर्स शिकवतो आणि दुसरे एक सर कंप्युटर. लॅब एकच, पण मुलं त्यांच्या तासाला धावत येतात आणि माझ्या तासाला पाय ओढत. माझी मुलगीही त्याच वर्गात आहे.

कुणी अडलं की मी पटकन माऊस घेऊन सरावाचं बिल करून देतो. ते मात्र हात पाठीमागे बांधून खुर्चीमागे उभे राहतात. "हल्लू कर, बेटा. कंप्युटर कहाँ भाग रहा?" परवा एक मुलगी रडकुंडीला आली, तरी त्यांचे हात सुटले नाहीत. शेवटी तिचं तिलाच जमलं आणि अख्ख्या लॅबने टाळ्या वाजवल्या. नाटकी माणूस, असं मी घरी सांगितलंसुद्धा.

रविवारी घरी कंप्युटरवर मार्कांचा तक्ता करताना मी अडलो आणि मुलीला हाक मारली. ती आली, खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने हात पाठीमागे बांधले.

"हल्लू करा, बाबा."

तक्ता माझा मलाच जमला. तिने टाळ्या वाजवल्या, आणि त्या माणसाचा मला आणखीच राग आला.