भटू सोनवणेचा अर्धा वाघ

सुरतेतल्या निदान लाखभर बायकांच्या अंगावर भटू सोनवणेने काढलेली फुलं होती, आणि त्यांतल्या एकीलाही भटूचं नाव ठाऊक नव्हतं. प्रिंट मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढण्यात त्याची वीस वर्षं गेली. साडीवर नाव यायचं ते मिलचं. त्यामुळे शहाण्णव साली मराठी मंडळाच्या वैशंपायनसाहेबांनी मुलांसाठी जंगलाचं चित्रपुस्तक काढायला घेतलं आणि "मुखपृष्ठावर तुमचंही नाव घालू" म्हणाले, तेव्हा भटू एका पायावर तयार झाला.

मजकूर साहेबांचाच. दिलीप वैशंपायन बँकेतले अधिकारी. जंगलाशी त्यांचा संबंध सापुताऱ्याच्या एका सहलीपुरता, तीही त्यांना बस लागल्यामुळे मान खाली घालून केलेली. त्यांच्या जंगलात सागाला खेटून देवदार होता आणि देवदाराला खेटून नारळ. भटू सातपुड्याच्या पायथ्याचा. वाचून त्याने मनातल्या मनात साहेबांना बैल ठरवलं आणि कुंचला उचलला.

साहेब बैल होते हे खरंच. पण भटूही त्याच गोठ्यातला. साडीवर एकच चित्र पुन्हापुन्हा सलग छापतात, म्हणून उजव्या कडेला जे तुटतं ते डाव्या कडेने आत यावं लागतं. भटूचा हात त्या वळणाचा. त्याने वाघाचं धड पानाच्या उजव्या कडेला तोडलं आणि मुंडकं त्याच पानाच्या डाव्या कडेतून काढलं. आठही पानांवर.

"सोनवणे, हा वाघ स्वतःच्याच शेपटीमागे लागलाय," साहेब म्हणाले.

"पानाला पान जोडून बघा साहेब. केसाचा फरक नाही."

"अहो, मुलं पुस्तक वाचणार आहेत, नेसणार नाहीत."

"आणि सागाजवळ देवदार कोणी लावला?"

"ती कल्पना आहे."

"मग वाघही कल्पनेतलाच समजा. जंगलात कोणतं जनावर सगळं अंग दाखवतं? अर्धं झाडाआड, अर्धं गवतात."

साहेबांनी चष्मा पुसला. "अखंड वाघ द्या. नाहीतर दुसरा चित्रकार बघतो. मग नावही त्याचंच."

भटूचा सगळा सातपुडा तिथेच खचला. चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्यांत त्याने आठ वाघ सांधले. प्रत्येक वाघ पानाच्या मधोमध, लग्नाच्या फोटोला उभ्या केलेल्या मामासारखा. वर साहेबांचा देवदारही त्याने सुबक काढून दिला. नारळाला चार शहाळी जास्तच घातली.

पुस्तक आलं. बायको जयश्रीने ते उलटंसुलटं केलं. "तुम्हनं नाव कोठे शे?"

भटूने बोट ठेवलं. साहेबांच्या नावाखाली, बारीक टाइपात, पण होतं. त्या रविवारी त्याने नवागामच्या आपल्या गल्लीत घरोघर पुस्तक मिरवलं. मुखपृष्ठ नाकासमोर धरायचा, नाव वाचायला लावायचा. शेजारच्या मगनभाईने पुस्तक हातात घेऊन कौतुकाने पान उलटायला बोट घातलं, तर भटूने ते त्याच्या हातातून काढून काखेत मारलं.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "आतलं साहेबांचं आहे."