वहीतलं उन्हाळ्याचं पाणी

मूल तालुक्यातल्या एका धरणावर मी कालवा निरीक्षक होतो. वसाहतीत वीस क्वार्टर आणि राहणारा मी एकटा. वाघाच्या धाकानं दिवस कलताच दार लावायचं आणि भिंतीवरच्या पालीशी बोलायचं. पाल निदान ऐकून तरी घ्यायची.

बायको ऊर्जानगरला, माहेरी. शेजारणींच्या गलबल्यात वाढलेली. दोन महिने इथं राहिली आणि जाताना म्हणाली, "इथी माणसं राहाले आली का मी येईन. तवरक मले बोलावू नका."

मग कालव्याच्या तोंडाशी छोटं वीजघर बांधायचा सरकारी आराखडा निघाला. सर्वेक्षणाला चौघं आले, शेजारच्या क्वार्टरमध्ये उतरले. आठ दिवस मी माणसांबरोबर जेवलो! त्यांच्या साहेबांनी जुन्या नोंदवह्या चाळल्या आणि खूश झाले. कालवा वर्षभर वाहतो म्हणे. वीजघर चालवणारी कुटुंबं इथंच राहतील. मी लगेच बायकोला फोन लावला. "मंग येतेच मी," ती म्हणाली.

वह्यांची गोम मला ठाऊक होती. आमचा कालवा धानापुरता. धान निसवलं, लोंब्या भरल्या की फाटक बंद. पण कोरडा कालवा बघायला रोज कोण जाणार? आधीचे निरीक्षक शेवटच्या मोजणीखाली 'वरीलप्रमाणे' लिहीत सुटायचे, ते थेट पुढच्या पावसाळ्यातल्या रोवणीपर्यंत. मीही तेच करत आलो होतो. साहेब आले तेव्हा धानाला पाणी सुरू होतं, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं.

दोन दिवस मी गप्प बसलो. मला ती माणसं हवी होती, बायको हवी होती. पण वीजघरासाठी उन्हाळ्यात फाटक उघडलं असतं, तर रोवणीला पाणी उरलं नसतं. तिसऱ्या दिवशी मी बोललो, "साहेब, हे उन्हाळ्याचं पाणी नुसतं वहीत आहे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी सामान जीपमध्ये भरलं. आमचं धरण आराखड्यातून वगळणार, हे साहेबांनी जाता जाता सांगितलं.

बायकोला फोन केला. सगळं ऐकून तिनं विचारलं, "कोणी इचारलं होतं का तुमाले?"

"नाई."

"मंग काऊन सांगतलं?"

मी रोवणीचं सांगायला लागलो. तिनं मधेच फोन ठेवला.

शेजारच्या क्वार्टरचं दार त्या चौघांनी उघडंच टाकलं होतं. मी जाऊन कडी लावून आलो.