नानांची हिरेपारख

धुळे आणि जळगाव या दोन गावांत असा एकही सराफ नसेल, ज्याने आमच्या साडूंना दुकानाची पायरी चढताना पाहून गादीवर बसल्या बसल्या देवाचं नाव घेतलं नाही. आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. सगळे त्यांना नाना म्हणत. धुळ्यात देवपूरला राहत आणि एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्याचं काम करत. चिमूटभर रुई दोन बोटांत ताणून हा कापूस कोणत्या शिवारातला हे ते सांगत, आणि त्यात क्वचितच चुकत. दुर्दैव एवढंच, की कापूस कळतो म्हणजे जगातलं सगळंच कळतं असा त्यांचा समज झाला होता. भरताचं एक वांगं घ्यायचं तर ते अख्खा बाजार दोनदा फिरत, प्रत्येक वांग्याला टिचकी मारून आवाज ऐकत, आणि तोवर घरी अक्का पिठलं टाकून मोकळ्या झालेल्या असत. एकदा मृगात छत्री घ्यायला निघाले ते दिवाळीच्या सुमारास छत्री घेऊन परतले, आणि वर "आता भाव उतरलाय" म्हणून मलाच शहाणपण शिकवलं.

अशा माणसाने हिरा घ्यायचं मनात आणलं. झालं असं, की पांझरेवर धुणं धुताना अक्कांची लग्नातली सोन्याची चमकी नाकातून निसटली आणि वाहून गेली. अक्का रडल्या. नाना म्हणाले, "रडू नकोस. आता सोन्याची नाही, हिऱ्याची घालशील." अक्कांनी डोळे पुसले आणि नाकातलं भोक बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची एक बारीक काडी अडकवली. त्यांना वाटलं, आठवड्याचा प्रश्न आहे. प्रश्न अकरा वर्षांचा होता.

धुळ्याचे सराफ पाहून झाले की नाना एस.टी.ने पारोळा, एरंडोल करत जळगावला येत, आमच्याकडे उतरत आणि मला बरोबर घेऊन सराफ बाजारात हिंडत. मी नगरपालिकेत कारकून. निम्मे सराफ मला ओळखत, आणि म्हणूनच नानांना मी हवा असे. सराफाने मखमलीच्या तुकड्यावर कागदाची पुडी उघडली की नाना खिशातून स्वतःचं भिंग काढत, कारण दुकानदाराच्या भिंगातून हिरा मुद्दाम चांगला दिसतो असं त्यांचं मत होतं. मग खडा आधी सावलीत, मग उन्हात, मग रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर. सराफ बिचारा अनवाणी त्यांच्यामागे. शेवटी निकाल ठरलेला. "पाणी पिवळट आहे," किंवा "पैलू आळशी माणसाने पाडलेत." त्यांची एक वही होती. तीत हिऱ्याबरोबर दुकानदाराचीही प्रत लावलेली असे. मी ती एकदा चोरून वाचली. एका सराफाबद्दल लिहिलं होतं, 'खडा बरा. पण माणूस चहा फार लवकर मागवतो. काहीतरी लपवत असावा.' त्याच्याच खाली दुसऱ्याबद्दल, 'चहा विचारलासुद्धा नाही. गिऱ्हाइकाची कदर नाही.'

मध्ये सोन्यावर सरकारी नियंत्रण आलं. सराफ बाजारात सामसूम झाली, कित्येक सोनार दुसऱ्या धंद्याला लागले, आणि नानांसारख्या गिऱ्हाइकालासुद्धा दुकानदार हाताला धरून आत नेऊ लागले. मला वाटलं, आता तरी सुटलो. नाना म्हणाले, "हे आता गरजू झालेत. गरजू माणूस काहीही गळ्यात मारेल." पुढे नियम सैल झाले, दुकानांत पुन्हा गर्दी झाली. तेव्हा म्हणाले, "आता हे माजलेत."

या सगळ्यात माझी अब्रू गेली ती एका वयस्क जैन शेठजींच्या दुकानात. राजस्थानातून त्यांचे आजोबा जळगावात आले होते. स्वतः शेठजी इतके सौम्य, की नानांच्या तिसऱ्या फेरीलाही त्यांनी गादी झटकून दिली. हिऱ्यावर वाफ सोडली तर खऱ्या हिऱ्यावर ती टिकत नाही, असं नानांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी खडा चिमट्यात धरला आणि गरम चहावर घालावी तशी जोरदार फुंकर घातली. चिमटा सुटला, खडा उडाला. शेठजींनी शांतपणे दार लावून घ्यायला सांगितलं. मग शेठजी, त्यांचे मुनीम आणि मी तासभर गुडघ्यांवर रांगत होतो, आणि नाना गादीवर बसून कुठे शोधायचं ते सांगत होते. अखेर शेठजी अवघडून मला म्हणाले, "भाऊसाहेब, माफ करा, जरा उभे राहून कपडे झटकता का?" मी झटकले. खडा माझ्या पँटच्या दुमडीतून खाली पडला. शेठजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तर मला जमिनीत जावंसं वाटलं. नानांनी तो खडा उचलून भिंगाखाली धरला. "पडूनही चरा नाही," ते म्हणाले. "खरा आहे. पण पाणी पिवळट."

अक्का एवढी वर्षं काड्या बदलत राहिल्या. मग रावेरला नात्यातल्या एका लग्नात कुणा बाईने भर पंगतीत विचारलं, "अक्का, तुमच्या नाकात काय अडकलंय?" बायका हसल्या. अक्कांनी घरी येऊन काडी चुलीत टाकली आणि पुन्हा घातली नाही. हे त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, नानांना नाही. हिऱ्यातला केसाएवढा डाग शोधणाऱ्या या माणसाला बायकोच्या नाकातली काडी गेलेली दोन वर्षं दिसली नाही. मला त्यांचा खरा राग आला तो तेव्हा.

एके दिवशी नाना न कळवता आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यातच जमा, डाव्यातही ढग आलाय. चला, आजच जाऊ."

आम्ही त्याच शेठजींकडे गेलो. त्यांनी पुडी उघडली. नानांनी भिंग लावलं, बराच वेळ खडा फिरवला, आणि भिंग खाली ठेवलं.

"मला नुसता उजेड दिसतोय," ते म्हणाले. "भाऊ, तुम्ही बघा."

"मला हिऱ्यातलं काय कळतं, नाना?"

"ते मला माहीत आहे. तरी सांगा."

मी पाहिलं. चमकत होता. म्हटलं, "चांगला आहे."

"द्या, शेठजी," नाना म्हणाले. शेठजींना ते खरं वाटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेव्हा कुठे ते उठले.

चमकी घडवून तयार झाल्यावर मी नानांबरोबर देवपूरला गेलो. अक्कांनी आरशासमोर ती नाकाला लावली. तार आत जाईना. गल्लीतल्या म्हाताऱ्या सोनाराला बोलावलं. त्याने बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "हाई भोक ते बुजी जायेल शे, बहीन. नवं टोचनं पडी."

नानांनी अक्कांना विचारलं, "काडी कधी काढलीस?"

"झाली दोन वर्षं," अक्का म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाजवळ कशावरही मत नव्हतं. ते ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आत अक्का पन्नाशीच्या घरात पुन्हा नाक टोचून घेत होत्या. रक्त आलं, डोळ्यांत पाणीही आलं, पण तोंडातून आवाज काढला नाही. बाहेर आल्या तेव्हा नाक टोमॅटोसारखं लाल झालं होतं. नानांनी त्यांच्याकडे अगदी जवळून पाहिलं. काय दिसलं त्यांचं त्यांना ठाऊक. म्हणाले, "दुखतंय का गं?"

नाना त्यानंतर चारच वर्षं होते. दहाव्या दिवशी नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका जमल्या. मंगळसूत्र उतरवून झालं होतं. एकीने चमकी काढायला हात पुढे केला. अक्कांनी तो हात हळूच बाजूला केला.

"ही आणायला त्यांना अकरा वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "ही मी काढायची नाही."

त्या काळी हे सोपं नव्हतं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोपऱ्यात नानांची थोरली बहीण बसली होती, जुन्या वळणाची, कडक. ती उठली तेव्हा मला वाटलं, आता काही खरं नाही. तिने अक्कांच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला, सगळ्यांना म्हणाली, "चला, पानं वाढायची आहेत," आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागोमाग एकेक करून बाकीच्याही उठल्या.